मुद्राचित्राचे संरक्षण: सही, नोंदणी की डिझाइनचा अर्ज?

गेल्या श्रावणात, घरोघरी कानबाई या खानदेशातल्या देवीच्या नैवेद्याच्या रोटांची तयारी सुरू असताना, माझी एक माजी विद्यार्थिनी शिरपूरहून धुळ्याला आली आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला लिनोचा (चित्र कोरलेल्या लिनोलियमच्या तुकड्याचा) ठसा तिने माझ्यासमोर ठेवला. चौरंगावर मांडलेली कानबाई, नारळाला घातलेली नथ आणि भोवती फुगडी घालणाऱ्या बाया असे ते चित्र होते. त्याच्या २५ प्रतींची आवृत्ती तिने हाताने छापली होती, आदल्या हिवाळ्यातील प्रदर्शनात त्यांतील १४ प्रती विकल्या गेल्या होत्या आणि चित्राचे फोटो इन्स्टाग्रामवरही होते. आता एका कापड व्यापाऱ्याला हेच चित्र ३०० कापडी पिशव्यांवर छापायचे होते. तो एकरकमी पैसे द्यायला तयार होता, मात्र त्यानंतर ‘डिझाइन आमचे’ अशी त्याची अट होती. तिचा प्रश्न एवढाच होता: “सर, आधी याचा कॉपीराइट काढून घेऊ का?”

लिनोकट, वुडकट, एचिंग, लिथोग्राफ किंवा स्क्रीन प्रिंट अशी मुद्राचित्रे, म्हणजे ठसा, प्लेट किंवा पडद्यावरून छापलेली चित्रे, करणाऱ्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या अनेक तरुण चित्रकारांचा हाच प्रश्न असतो, म्हणून उपलब्ध मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट अशी की कॉपीराइट ‘काढावा’ लागत नाही, तो चित्र तयार होताच निर्माण होतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम २ मध्ये कलाकृतीच्या व्याख्येत ‘एन्ग्रेव्हिंग’चा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्या शब्दात एचिंग, लिथोग्राफ, वुडकट, प्रिंट व तत्सम कामे येतात असे त्याच कलमात सांगितले आहे. काम कलात्मक दर्जाचे आहे की नाही हे कायदा पाहत नाही. ते मूळ, म्हणजे स्वतःच्या कौशल्यातून उतरलेले असले की पुरे. हा हक्क कलाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. मुद्राचित्र हयातीत प्रकाशितच झाले नसेल, तर ही ६० वर्षे पहिल्या प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजली जातात. भारत १९२८ पासून कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचा सदस्य असल्यामुळे इतर सदस्य देशांतही नोंदणीवाचून संरक्षण मिळते. त्यामुळे खरी निवड दोन गोष्टींची आहे: हक्काचा पुरावा किती भक्कम ठेवायचा, आणि चित्र कागदावरच राहणार आहे की मालावर जाणार आहे.

पहिला मार्ग: नोंदणी न करता कागदपत्रे नीट ठेवणे

हा मार्ग अनेकांना ढिला वाटतो, परंतु मुद्राचित्रकारांच्या जुन्या शिस्तीला कायद्याचे चांगले पाठबळ आहे. छापलेल्या चित्राखालच्या समासात डाव्या बाजूला ७/२५ असा प्रतीचा क्रमांक, मध्ये शीर्षक आणि उजवीकडे सही व वर्ष, हे सगळे पेन्सिलीने लिहिण्याची पद्धत आपण विद्यार्थिदशेपासून पाळतो. कलम ५५(२) नुसार, कलाकृती तयार झाली तेव्हा तिच्यावर ज्याचे नाव होते तोच तिचा कर्ता आहे असे न्यायालय गृहीत धरते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. म्हणजे पेन्सिलीची ती सही हा पुरावाच असतो. तिच्या जोडीला ठशाची एक वही असावी. माझ्या वहीत प्रत्येक ठशासाठी एक पान आहे: पहिल्या रेखाटनाची तारीख, लिनो किंवा लाकडाचे माप, शाई, कागदाचे वजन, कोणत्या दिवशी किती प्रती निघाल्या, आर्टिस्ट प्रूफ (क्रमांकित आवृत्तीबाहेर कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती) किती आणि कोणती प्रत कोणाला दिली. त्या पानाला ठसा अर्धवट कोरलेला असताना काढलेला पहिला प्रूफ, म्हणजे चाचणीची छाप, डकवलेला असतो, कारण चोराजवळ तयार चित्र असू शकते, अर्धवट प्रूफ नसतो.

नोंदणी नसेल तर दावाच करता येत नाही, असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि त्याला कारणही होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१२ मधील एका निकालात नोंदणी आवश्यक मानली गेली होती. मात्र २०२१ मध्ये ‘संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग’ या खाद्यतेलाच्या लेबलाच्या प्रकरणात न्या. गौतम पटेल यांनी कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक असून तिच्याअभावी दावा अडत नाही असे स्पष्ट केले. आपले तिन्ही जिल्हे याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येत असल्यामुळे हा निकाल आपल्या थेट उपयोगाचा आहे. दुसरा समज चित्र स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवून पाकीट न फोडता ठेवण्याचा. कायद्यात या उपायाला वेगळे स्थान नाही. फार तर तारखेचा एक दुवा म्हणून ते पाकीट दाखवता येईल, पण नीट ठेवलेली वही त्याहून अधिक सांगते.

या मार्गाला खर्च नाही. त्याची उणीव अशी की वाद झाला की प्रत्येक दुवा आपल्यालाच उभा करावा लागतो, आणि ज्याने वही ठेवली नाही त्याच्याजवळ सहीपलीकडे फारसे काही उरत नाही.

दुसरा मार्ग: कॉपीराइट कार्यालयातील नोंदणी

अर्ज ऑनलाइन करता येतो. कलाकृतीसाठी शुल्क ५०० रुपये असून ते प्रत्येक कामासाठी वेगळे भरावे लागते. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर तपासणी होते. नोंदणी झाली की कलम ४८ नुसार नोंदवहीतील तपशील न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. पहिल्या मार्गाशी तुलना करता फरक एवढाच, पण महत्त्वाचा आहे: आपली बाजू मांडायला सुरुवात करताना हातात सरकारी कागद असतो आणि पोलीस ठाण्यात किंवा एखाद्या कंपनीच्या विधी विभागात वहीपेक्षा तो कागद लवकर ऐकला जातो. मात्र काम खरोखर मूळ आहे की नाही याचा निवाडा ही नोंदणी करत नाही. दुसऱ्याच्या चित्रावरून केलेले काम नोंदले गेले, तरी पुराव्यापुढे ती नोंद टिकत नाही.

येथे एक अडचण आहे. चित्र एखाद्या मालाच्या किंवा सेवेच्या संदर्भात वापरले जाणार असेल किंवा वापरता येण्याजोगे असेल, तर शुल्क २,००० रुपये होते आणि तेच किंवा फसवे साम्य असलेले व्यापारचिन्ह नोंदलेले नाही, असे ट्रेड मार्क निबंधकाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. मसाल्याच्या पाकिटासाठी चित्र करून देणाऱ्याने हे आधीच हिशेबात धरावे.

माझे मत विचाराल, तर प्रत्येक ठशाची नोंदणी करू नये. वर्षाला ४० ठसे कोरणाऱ्या तरुणाचे त्यावर २०,००० रुपये जातील आणि त्या पैशांत चांगला कागद येतो. ज्या चित्राला मागणी आहे, जे इंटरनेटवर फिरते आहे किंवा ज्याबद्दल कोणाशी करार होणार आहे, तेवढेच नोंदवावे. इतरांसाठी पहिला मार्ग पुरेसा आहे, परंतु तो नेटाने पाळला तरच.

तिसरा मार्ग: डिझाइनची नोंदणी

बहुतेकांची गल्लत होते ती येथे, म्हणून यावर थोडे थांबतो. डिझाइन म्हणजे येथे एखाद्या वस्तूवर उतरवलेली नक्षी किंवा तिचा आकार. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १५ मध्ये दोन नियम आहेत. डिझाइन अधिनियम, २००० खाली नोंदलेल्या डिझाइनला कॉपीराइट राहत नाही. आणि जे डिझाइन नोंदण्याजोगे असूनही नोंदलेले नाही, ते ज्या वस्तूवर वापरले ती वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा अधिक वेळा तयार केली की त्या डिझाइनमधील कॉपीराइट संपतो. कापडी पिशवी, साडी, चादर, मग, टाइल या अशा वस्तू आहेत. ३०० पिशव्या छापून झाल्या की पिशवीवरच्या त्या नक्षीला ना डिझाइनचे संरक्षण उरते, ना कॉपीराइटचे.

हे वाचून ७५ प्रतींची आवृत्ती काढणारे घाबरतात, पण तसे कारण नाही. डिझाइनच्या व्याख्येतून कलाकृती वगळलेल्या आहेत. कागदावरचे मुद्राचित्र स्वतःच कलाकृती असल्यामुळे प्रती ५० च्या वर गेल्या तरी त्याचा कॉपीराइट जात नाही. कॅलेंडर, शुभेच्छापत्र, पोस्टकार्ड, पुस्तकाचे वेष्टन या गोष्टीही डिझाइन म्हणून नोंदवता येत नाहीत, त्यांचे क्षेत्र कॉपीराइटचेच. सीमारेषा नेमकी कापडावर किंवा वस्तूवर चित्र उतरते तेथे येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ‘मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर’ या २००९ मधील निकालात सोफ्याच्या कापडावरील नक्षीबाबत हेच सांगितले: मूळ चित्राला कॉपीराइटची पूर्ण मुदत मिळते, पण त्यावरून उद्योगासाठी घडवलेल्या नक्षीला डिझाइन कायद्याइतकेच संरक्षण मिळते. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२५ मध्ये ‘क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स’ प्रकरणात कसोटी घालून दिली, की आधी काम निव्वळ कलाकृती आहे की औद्योगिक प्रक्रियेतून तिच्यावरून निघालेले डिझाइन आहे हे पाहायचे, आणि मग गरज पडली तर त्याची कार्यात्मक उपयुक्तता, म्हणजे ते दिसण्यासाठी आहे की वस्तूच्या कामासाठी, हे तपासायचे.

डिझाइनच्या नोंदणीचे शुल्क व्यक्तीसाठी १,००० रुपये आहे. संरक्षण १० वर्षांचे मिळते आणि ते आणखी ५ वर्षे वाढवता येते, म्हणजे जास्तीत जास्त १५ वर्षे. हयात अधिक ६० वर्षांपुढे हे तोकडे दिसते, पण पिशवी किंवा साडीवरच्या नक्षीचे बाजारातील आयुष्य पाहता मला ते पुरेसे वाटते. खरी अडचण मुदतीची नाही, नवेपणाची आहे. अर्जापूर्वी डिझाइन कोठेही लोकांसमोर आलेले नसावे अशी अट आहे. कॉपीराइटला प्रदर्शनाने काहीच धक्का लागत नाही, उलट तारखेचा पुरावा मिळतो. डिझाइनच्या बाबतीत तेच प्रदर्शन किंवा तीच इन्स्टाग्रामवरची पोस्ट अर्ज बाद होण्याचे कारण होऊ शकते. मुद्राचित्रकाराची सवय आधी दाखवण्याची आणि मग विकण्याची असते, आणि ही सवयच येथे त्याच्या विरुद्ध जाते.

करार नसला तर

वरच्या तिन्ही मार्गांपेक्षा अधिक नुकसान एका साध्या कागदाच्या अभावी होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेने दिवाळीच्या कॅलेंडरसाठी माझ्याकडून तापीकाठच्या घाटाचे वुडकट करून घेतले. व्यवहार तोंडी झाला, पैसे वेळेवर मिळाले आणि मी समाधानी होतो. पुढे तेच चित्र त्यांच्या फाइलींवर, बॅगांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर दिसू लागले. एका पत्रिकेवर तर घाटाची वरची पायरीच कापून तेथे मजकूर घातला होता. मी तक्रार केली तेव्हा त्यांच्या वकिलाने शांतपणे कलम १७ दाखवले. मोबदला देऊन सांगितलेले छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा एन्ग्रेव्हिंग असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी ते करवून घेणाऱ्याची असते. मुद्राचित्र त्या यादीत नावानिशी आहे, हे मला तोवर माहीत नव्हते. ठसा माझ्या कपाटात होता आणि हक्क त्यांच्याकडे. नाव देण्याचा आणि चित्राची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड थांबवण्याचा कलम ५७ चा अधिकार माझ्याकडे उरला होता, कारण तो मालकी गेल्यावरही कर्त्याकडे राहतो. याच अधिकाराच्या बळावर शिल्पकार अमरनाथ सहगल यांना विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या प्रकरणात २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष आणि पाच लाख रुपये नुकसानभरपाई मिळवून दिली होती. मी कापलेल्या पायरीवर अडून बसलो आणि तेवढे त्यांनी पुढच्या छपाईत दुरुस्त केले.

म्हणून मागणीवरून केलेल्या कामात ‘कॉपीराइट कलाकाराकडे राहील’ हे वाक्य कोरायला बसण्यापूर्वी कागदावर यायला हवे. चित्र स्वतःहून केलेले असेल, तर प्रश्न हस्तांतरण की परवाना असा असतो. हस्तांतरणात हक्कच दुसऱ्याकडे जातो. परवान्यात तो आपल्याकडे राहून ठरावीक वापराची मुभा दिली जाते. दोन्ही लेखी आणि सहीचे लागतात. हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर संपूर्ण भारत, असे कायदा धरतो. व्यापाऱ्याच्या एकरकमी रकमेपुढे परवान्याची रक्कम छोटी वाटते हे खरे, तरी ज्या चित्राची ओळख आपल्या नावाशी जोडली गेली आहे त्याचे हस्तांतरण करू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

पुनर्विक्रीच्या वाट्याबाबत कलम ५३-क मध्ये रंगचित्र, शिल्प आणि रेखाटन यांच्या मूळ प्रतीचा उल्लेख आहे. १०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीला ती पुन्हा विकली गेली, तर कलाकाराला जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. त्या यादीत एन्ग्रेव्हिंगचे नाव नाही. मालकी जाणाऱ्यांच्या यादीत आहे आणि वाटा मिळणाऱ्यांच्या यादीत नाही, हा मुद्राचित्रकारांवर अन्याय आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

चोरी झाल्यास कोणता मार्ग किती देतो

कॉपीराइट येथे बराच सरस आहे. दिवाणी दाव्यात मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब मागता येतो आणि हा दावा आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात करता येतो. कलम ५८ नुसार चोरीच्या प्रतीच नव्हे, तर त्या काढण्यासाठी वापरलेल्या प्लेटाही कॉपीराइटधारकाच्या मालकीच्या मानल्या जातात, आणि प्लेट या शब्दात दगड, ब्लॉक, साचा हे सगळे येते. फौजदारी बाजूने कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. इंटरनेटवरील चोरीसाठी संकेतस्थळाला लेखी तक्रार दिल्यास त्याने ३६ तासांत मजकूर हटवायचा असतो. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दिसू शकतो. डिझाइन कायद्यात फौजदारी शिक्षा नाही. तेथे प्रत्येक उल्लंघनाला २५,००० आणि एका डिझाइनसाठी एकूण ५०,००० रुपयांपर्यंत ठरावीक रक्कम मागता येते, किंवा त्याऐवजी नुकसानभरपाई आणि मनाई हुकुमाचा दावा करता येतो.

अर्थात हे सर्व चित्र आपले असेल तरच. कानबाईची कल्पना, नथ, चौरंग किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतील घोडा यांवर कोणाचाही हक्क नाही. आपण केलेल्या विशिष्ट मांडणीवर आणि रेषेवर तो असतो. वर्तमानपत्रातील घोड्याचा फोटो समोर ठेवून जसाच्या तसा कोरला, तर छायाचित्रकाराच्या हक्काचा भंग होतो. बहिणाबाईंच्या ओळी ठशात कोरायला मात्र हरकत नाही. त्या १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या कवितांचे पुस्तक १९५२ मध्ये आले, म्हणजे कोणत्याही हिशेबाने ६० वर्षांची मुदत उलटून गेली आहे. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस १९८९ साली गेले. त्यांच्या कामाला ही मोकळीक अजून नाही.

त्या विद्यार्थिनीने अखेर असे केले. चित्र आधीच प्रदर्शनात आणि इंटरनेटवर आलेले असल्यामुळे पिशवीवरचे डिझाइन म्हणून त्याची नोंदणी टिकणे कठीण होते. तिने मूळ कानबाई पिशवीसाठी दिलीच नाही. तिची आवृत्ती २५ वरच थांबवली, ५०० रुपये भरून कॉपीराइटच्या नोंदणीचा अर्ज केला आणि आणखी प्रती निघू नयेत म्हणून ठशावर आडवी रेघ कोरून तो रद्द केला. पिशवीसाठी तिने फक्त नथ आणि फुगडीच्या हातांची साखळी घेऊन नवी, कोणालाही न दाखवलेली नक्षी काढली. व्यापाऱ्याला नमुना पाठवण्यापूर्वी डिझाइनचा अर्ज केला आणि एक वर्ष, ३०० पिशव्या, पिशवीच्या आतल्या शिवणीवर तिचे नाव, एवढाच परवाना लिहून दिला. व्यापाऱ्याने रक्कम थोडी कमी केली आणि सही केली.